मंजूर झालेली भाची

अमेरिकेतल्या पार्सिपनीत नव्यानं उतरलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी कळायच्या: किराणा कुठं मिळतो, बर्फातून गाडी कशी काढायची, आणि प्रतिमा. प्रतिमा कळली की तिचं वाक्यही कळायचं. लायसन्ससाठी कुणाची ओळख लागते का, असं एखाद्या नवख्यानं विचारलं, की ती मान किंचित वाकडी करून म्हणायची, "इकडे तसं नसतं." अर्ज दिल्यावर पुन्हा हेलपाटे मारायला लागतील का? इकडे तसं नसतं. साहेब जेवायला गेला तर दिवस फुकट जाईल का? इकडे तसं नसतं. तिचा नवरा अनिल म्हणायचा, हिच्या अस्थींच्या कलशावरही मी हेच लिहून घेणार आहे.

तिला तसं बोलायचा हक्क होता, कारण "तिकडे कसं असतं" हे तिनं टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलं होतं. लग्नाआधी सहा वर्षं ती नगरच्या जिल्हा परिषदेत कारकून होती. सभेचं इतिवृत्त लिहायचं हे तिचं काम. ठराव क्रमांक अमुक, सूचक तमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. अक्षर असं देखणं, की साहेब मुद्दाम तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. त्या सहा वर्षांत तिनं किती विहिरी मंजूर केल्या असतील याची मोजदाद नाही. पाथर्डीकडचा एक म्हातारा दर सोमवारी यायचा, टोपी काढून टेबलापाशी उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई, आमच्या विहिरीचं काय झालं?" प्रतिमा रजिस्टर उघडून बोट ठेवायची. "हे काय, मंजूर आहे की." म्हातारा वाकून त्या ओळीकडे बघायचा. वाचता येत नव्हतं त्याला. "मंजूर आहे हो बाई," म्हणायचा, "पण पाणी नाही." तो गेला की सगळं ऑफिस हसायचं, आणि प्रतिमाही हसायची.

नव्वद साली अनिलशी लग्न होऊन ती इकडे आली. अनिल सॉफ्टवेअरमध्ये, बोलायला गमत्या, आणि वादात लवकर कंटाळणारा. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, उपास झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय बासनात बांधून ठेवून दिला. प्रतिमाला एका औषध कंपनीत कागदपत्रं सांभाळायची नोकरी लागली आणि तिथंही तिच्या नीटनेटकेपणाचं कौतुक झालं. दोन हजार एकच्या मे महिन्यात तिनं नागरिकत्वाची शपथ घेतली. मुलाखतीसाठी पुस्तक घडाघडा पाठ केलं होतं. कायदे काँग्रेस करते. कोर्ट त्यांचा अर्थ लावतं. परदेशांशी करार राष्ट्राध्यक्ष करतात, पण सेनेटची दोन तृतीयांश मतं पडल्याशिवाय तो करार पुढं सरकत नाही. प्रतिमाला हे वाचून बरं वाटलं होतं. म्हणाली, बघा, कुणा एकाच्या हातात काही ठेवलेलंच नाही या लोकांनी.

हे वाक्य तिला पुढं फार महाग पडलं.

त्याच वर्षी जूनमध्ये राहुरीहून फोन आला. तिचा धाकटा भाऊ शशिकांत वायरमन होता, तो खांबावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. त्याची बायको सुवर्णा आधीच संधिवातानं जखडलेली. तिच्या बोटांचे आकडे झाले होते, भाकरी थापणं सोडाच, चमचा धरायची मारामार. आणि या दोघांच्या मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, ज्ञानदा, वय वर्षं नऊ.

डिसेंबरात प्रतिमा गेली तेव्हा तिनं पाहिलं ते असं. ज्ञानदा शाळेच्या गणवेशात खाटेवर चढली, बापाच्या अंगाखालच्या चादरीची दोन टोकं मुठीत धरली, पाय भिंतीला रेटला आणि बापाला डाव्या कुशीवर वळवलं. मग पाठीला पावडर लावली, उडी मारून खाली उतरली आणि गणिताची वही घेऊन बसली. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "कुणी नाही. उचलत नाहीत बाबा, म्हणून ओढते." वर्गात तिचा पहिला नंबर होता, आणि आठवड्यातले चारच दिवस ती शाळेत जात होती.

शशिकांत बहिणीला म्हणाला, "ताई, तिला घेऊन जा. दत्तक घे, काय करायचं ते कर. आमच्यासाठी एखादी बाई ठेवू. पण ही पोर जर इथं राहिली ना, तर माझी पाठ धुता धुताच म्हातारी होईल." सुवर्णानं लेकीची वेणी घालायला घेतली, बोटं वळेनात, अर्धी वेणी तशीच सोडून दिली. मग प्रतिमानंच ती पुरी केली. निघताना ज्ञानदानं विचारलं, "आत्या, तिकडे बर्फात चालायला वेगळे बूट लागतात ना?" प्रतिमानं वहीतलं पान फाडलं, तिचा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिलीनं भोवती रेघ काढून घेतली. त्या पायाची टाच नवव्या वर्षी भेगाळलेली होती.

पार्सिपनीत परत आल्यावर प्रतिमा प्रीताकडे गेली. प्रीता म्हणजे मराठी मंडळातल्या तिच्या मैत्रिणीची मुलगी, इथंच जन्मलेली, नुकतीच वकील झालेली. प्रतिमानं तिला शाळकरी फ्रॉकात पाहिलं होतं, त्यामुळं वकील म्हणून तिच्यासमोर बसताना प्रतिमाला थोडं हसूच येत होतं. प्रीताला मात्र हसू येत नव्हतं.

"मावशी, लिसन," ती म्हणाली. "प्रॉब्लेम असा आहे, की शी इज नॉट ॲन ऑर्फन."

"अगं, आईबाप असून नसल्यासारखे आहेत तिला."

"आय नो. पण कायद्याला नसल्यासारखे चालत नाहीत. नसलेलेच लागतात. निदान एक तरी. दोघंही जिवंत आहेत, दोघंही घरात आहेत, सो इकडे आणायचा अर्ज रिजेक्ट होणार."

त्या रविवारी प्रतिमानं हे भावाला फोनवर समजावून सांगितलं. तो साधेपणानं म्हणाला, "म्हणजे मी खांबावरून पडलो तेव्हाच मेलो असतो तर पोरीचं सोपं झालं असतं." प्रतिमानं त्याला झापलं. पण झापताना तिला पक्कं ठाऊक होतं, की कायदा तेच म्हणतोय.

प्रीताकडे दोन वाटा होत्या. पहिली अशी: अनिल आणि प्रतिमानं राहुरीला जाऊन ज्ञानदाला रीतसर दत्तक घ्यायचं, आणि मग प्रतिमानं दोन वर्षं तिच्यासोबत तिकडेच राहायचं. आई म्हणून दोन वर्षं सांभाळलेली मुलगी असली, की मग अनाथ आहे का नाही हा प्रश्नच उरत नाही. फक्त हे दत्तक, भारतातल्या कायद्याप्रमाणे, पोरीला पंधरा पुरी व्हायच्या आत झालं पाहिजे. दुसरी वाट अशी: दत्तक मुलांबद्दल हेग नावाच्या गावात सगळ्या देशांनी मिळून एक करार केला होता. त्यात आईबाप दोघं जिवंत असले, पण सांभाळायला असमर्थ असले, तरी मूल आणता येणार होतं. अट एवढीच, की सोळा पुरी व्हायच्या आत अर्ज पडला पाहिजे.

"आणि अमेरिकेनं केलाय तो करार?" प्रतिमानं विचारलं.

"प्रेसिडेंटच्या वतीनं चौऱ्याण्णवला सही झालीय. सेनेटनं दोन हजारमध्ये संमती दिलीय."

प्रतिमाच्या अंगावरचं ओझंच उतरलं. "म्हणजे मंजूर आहे."

"मावशी, नो. सेनेटनं हो म्हटलं, म्हणजे आता प्रेसिडेंट तो करार पक्का करू शकतो. करायलाच पाहिजे असं नाही. आधी काँग्रेसनं केलेल्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र खात्याला नियम करायचेत, मुलं दत्तक देणाऱ्या एजन्सीज तपासायच्यात, मग प्रेसिडेंट शेवटची सही करणार, मग तो कागद हेगला जमा होणार. तोपर्यंत देअर इज नो ट्रीटी. यू शुडन्ट वेट फॉर इट. यू शुड गो."

पोरगी शहाणी होती. चांगलं स्वच्छ सांगत होती. पण फ्रॉकात पाहिलेल्या पोरीचं कोण ऐकतं? आणि ज्ञानदा दहाची, सोळाला अजून सहा वर्षं. घरी आल्यावर अनिल म्हणाला, "दोन वर्षं? नोकरी सोडून? राहुरीत? अगं, सेनेटनं मंजूर केलंय म्हणतेस ना? मग वर्षभरात होईल. ही काय जिल्हा परिषद आहे का? तूच सांगत असतेस ना सगळ्यांना, इकडे तसं नसतं."

खापर अनिलवर फोडणं सोपं आहे आणि प्रतिमानं पुढं ते फोडलंही. पण खरं ते तिला एकटीला माहीत होतं. त्या डिसेंबरात राहुरीत काढलेल्या तीन आठवड्यांत तिचा जीव मेटाकुटीला आला होता. त्या खोलीतला औषधांचा आणि लघवीचा वास, आठ आठ तास गेलेली वीज, अंगणापलीकडचा संडास, आणि खाटेवरून सारखे आपल्याकडे लागलेले भावाचे डोळे. आणि आता तिथं दोन वर्षं राहायचं होतं. म्हणून सेनेटचा आधार तिला देवासारखा सापडला. जायचं नव्हतं, आणि न जायला इतकं भारदस्त कारण मिळालं होतं.

तिनं राहुरीला फोन लावला. "ज्ञानदा," म्हणाली, "तुझं मंजूर झालंय गं. आता फक्त कागद खाली यायचेत."

पोरीनं ते वाक्य शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. राहुरीत ती "अमेरिकेला मंजूर झालेली" म्हणून ओळखली जाऊ लागली. पाचवीला नवोदयची परीक्षा होती, हॉस्टेलवर राहून शिकता आलं असतं. मास्तर घरी येऊन सांगून गेले. शशिकांतनं बहिणीला विचारलं, आणि बहीण म्हणाली, कशाला, वर्षभरात ती इकडेच येणार. फॉर्म भरायचा राहून गेला.

पहिल्या दिवाळीला पत्रातून पावलाचा आकार आला. प्रतिमानं बूट आणले, आत लोकरीचं अस्तर असलेले, आणि कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवाळीला दुसरा आकार आला, बोटभर मोठा. ते बूट शेजारच्या अदितीला दिले आणि नवे आणले. दोन हजार तीनला भारतानं तो करार पक्का केला, तेव्हा प्रतिमानं मंडळाच्या गणपतीत पेढे वाटले. भारतानं केलं, म्हणजे अमेरिका कशी मागं राहील? अमेरिकेचे नियम तेव्हा कच्चे लिहून झाले होते. मग त्यावर हरकती मागवल्या गेल्या. हरकतींचे गठ्ठे आले. गठ्ठे वाचायला माणसं लागली.

प्रतिमानं पत्रं लिहायला सुरुवात केली. तिच्या त्या देखण्या अक्षरात, इंग्रजीत. सेनेटरच्या ऑफिसातून उत्तर आलं, की आपली भावना समजते, सेनेटनं आपलं काम सन दोन हजारमध्येच पूर्ण केलं आहे, पुढचा भाग कार्यकारी शाखेचा. कार्यकारी शाखेच्या खात्यातून उत्तर आलं, की काँग्रेसनं केलेल्या कायद्याप्रमाणे नियम पूर्ण झाल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही. राष्ट्राध्यक्षांना लिहिलं, तर त्यांच्याकडून आभाराचं छापील पत्र आलं, खाली छापील सही. एकाही पत्रात उद्धटपणा नव्हता. नगरला साहेब खेकसायचे तरी, इकडे प्रत्येक जण हात जोडून दुसऱ्याचं दार दाखवत होता.

"असं का आहे गं हे?" तिनं एकदा प्रीताला विचारलं.

"सेपरेशन ऑफ पॉवर्स, मावशी. कुणा एकाच्या हातात सगळं नको, म्हणून."

"म्हणजे कुणाच्याच हातात काही नाही," प्रतिमा म्हणाली. पाठ केलेलं पुस्तक तिला आठवलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

दोन हजार चारच्या शेवटी ती पुन्हा राहुरीला गेली. ज्ञानदा बारा पुरी करून तेराव्यात होती. आता ती बापाला चादरीशिवाय वळवायची. दंड पुरुषासारखे झाले होते. वर्गात तिचा नंबर आता अकरावा होता आणि शाळा आठवड्यातून तीन दिवस. रात्रीच्या जेवणाला तिनं भाकऱ्या थापल्या, आईला घास भरवला, बापाला भरवला, मग आत्याला वाढलं. आत्यानं विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" तर म्हणाली, "तिकडे आल्यावर करीन की. तिकडे परत पहिल्यापासूनच शिकायचं असेल ना सगळं?" तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. पंधराला अजून दोन वर्षांच्या वर अवकाश होता. अनिलला बोलावून दत्तक उरकता आलं असतं, मागं राहता आलं असतं. विमानतळावर जाणाऱ्या गाडीत ती घाटभर हाच विचार करत होती, आणि तरी ती विमानात बसली. तिकडे तिला बढती मिळाली होती, आणि कुणीतरी मंडळात सांगितलं होतं, की नियम आता होतच आलेत.

नियम पक्के झाले ते दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत. मग एजन्सीज तपासायचं काम सुरू झालं. त्या उन्हाळ्यात एके दुपारी ऑफिसात फायली लावता लावता प्रतिमाला एकाएकी तो पाथर्डीचा म्हातारा आठवला. टोपी हातात, वाकून रजिस्टरकडे बघणारा. सहा वर्षं तो येत होता. त्याला एकदाही तिनं असं सांगितलं नव्हतं, की बाबा, मंजूर म्हणजे विहीर नव्हे, नुसती ओळ आहे ती, तू घरी जा आणि आपला आपण खड्डा खणायला घे. ते तिला तेव्हाही माहीत होतं. सगळ्या जगात जर कुणाला हे आधीच कळायला हवं होतं, तर ते प्रतिमाला. पण तिला वाटलं, ते तिकडचं. इकडे तसं नसतं.

त्या दिवशी ती अनिलशी कडाकडा भांडली. म्हणाली, तुझ्यामुळं झालं. अनिल म्हणाला, "मी नको म्हटलं होतं. पण तू हो कधी म्हटलं होतंस?"

दोन हजार सातच्या नऊ फेब्रुवारीला ज्ञानदाला पंधरा पुरी झाली आणि राहुरीची वाट बंद झाली. आता सगळी भिस्त करारावर. दिवाळीच्या पाकिटातून पावलाचा सहावा आकार आला, आता तो प्रतिमाच्या पावलापेक्षा मोठा होता. आणि आठवड्याभरात, नोव्हेंबरच्या मध्याला, प्रीताचा फोन आला. "मावशी, प्रेसिडेंटनं साइन केलं. डिसेंबरमध्ये कागद हेगला जमा होतोय."

सहा वर्षांचं सगळं प्रतिमाच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. "झालं गं बाई एकदाचं. डिसेंबरात अर्ज टाकू. सोळाला दोन महिने आहेत."

"मावशी, वेट," प्रीता म्हणाली.

"काय झालं?"

"करारातच एक कलम आहे. कागद जमा झाल्यानंतर पुरे तीन महिने जावे लागतात, आणि मग पुढच्या महिन्याची पहिली तारीख. इट स्टार्ट्स एप्रिल फर्स्ट."

"तीन महिने कशाला? आता कोणाची मंजुरी राहिलीय?"

"कोणाची नाही. तसंच आहे ते, एव्हरी कंट्रीला. आय ॲम सो सॉरी, मावशी."

नऊ फेब्रुवारी ते एक एप्रिल. प्रतिमानं स्वयंपाकघरातल्या नव्या सालच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं. त्या साली फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. बावन्न दिवस. चौऱ्याण्णवला सही केली तेव्हा पोरगी दोन वर्षांची होती. चौदा वर्षं या कागदानं काढली आणि बावन्न दिवस त्याला कमी करता आले नाहीत. प्रतिमानं शेवटची तीन पत्रं लिहिली, तिन्ही शाखांना एकेक, कोर्टाच्या नावानंसुद्धा. त्यांना त्यात काय करता येणार, हे लिहितानाच तिला कळत होतं. प्रीतानं ती टाकूही दिली नाहीत.

डिसेंबरात शशिकांतचा फोन आला. तो स्वतःहून कधी करत नसे. सुवर्णानं दोन्ही तळव्यांत कसाबसा कानाशी धरला असावा, कारण आवाज सारखा जवळ आणि लांब होत होता. "ताई," तो म्हणाला, "ते जुन्या कायद्यातलं अजून चालतं ना? एक जण नसला तर बसतं म्हणालीस ते?"

"शशी, गप्प बस."

"नाही, नुसतं विचारतो. अजून दोन महिने हातात आहेत. मी जर तोवर..."

"शशी, तुला शपथ आहे माझी. फोन सुवर्णाकडे दे."

"तिच्याच हातात आहे," तो म्हणाला. "ती ऐकतेय सगळं."

त्यानं काही केलं नाही. करायला हातपाय चालायला तरी हवे होते. पण त्यानंतर दर सकाळी राहुरीहून खुशालीचा मिस्ड कॉल येईपर्यंत प्रतिमा चहाला हात लावत नसे, आणि सगळ्यात वाईट हे, की एकदा, एकदाच, मिस्ड कॉल उशिरा आला तेव्हा तिच्या मनात भीतीच्या आधी दुसरंच काही येऊन गेलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. अनिललाही नाही.

नऊ फेब्रुवारी दोन हजार आठला ज्ञानदाला सोळा पुरी झाली. प्रतिमानं वाढदिवसाचा फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं पोर रडेल. ती म्हणाली, "बरं आत्या. बाबांना अंघोळ घालायचीय, ठेवू का?"

एक एप्रिलला सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या प्रतिमाला ईमेल दिसलं. कधीतरी नाव नोंदवलेल्या एजन्सीनं सगळ्यांना एकच पाठवलेलं. अभिनंदन, आजपासून करार लागू झाला आहे, आता भारतातलं मूल घरी आणणं पूर्वीपेक्षा सुरक्षित आणि सोपं. खाली हसऱ्या मुलीचा फोटो. प्रतिमानं ते दोनदा वाचलं, उठली, गाडीत जाऊन बसली आणि राहुरीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. ज्ञानदानंच उचलला.

"आत्या, बरं झालं केलास. मी करणारच होते. काल माझी सुपारी फुटली."

"काय?"

"लग्न ठरलं. अक्षय तृतीयेला आहे. गल्लीच्या टोकाला त्यांचं पिठाच्या गिरणीचं घर आहे ना, तिथलेच."

प्रतिमाला तो माणूस आठवला. तिशीचा, पिठानं पांढरा, कमी बोलणारा. "अगं वेडी आहेस का तू? सोळा वर्षांची आहेस. अठरा व्हायला लागतात. कायद्यात बसत नाही हे."

"कायद्यात मी कुठं बसते आत्या?" ज्ञानदा म्हणाली. आवाजात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं तिनं. "अनाथ नाही म्हणून नाही बसले. वय झालं म्हणून नाही बसले. मी यांना विचारलं, आईबाबांना तुमच्या घरी ठेवून घ्याल का, ते हो म्हणाले. काल हो म्हणाले आणि आज सकाळी चौघं येऊन बाबांची खाट उचलून घेऊन गेले. मी आता तिथूनच बोलतेय. मधली खोली दिलीय. पंखा आहे."

गाडीच्या काचेवर पावसाचे थेंब पडायला लागले होते. प्रतिमाला कळत होतं, की आता काहीतरी बोललं पाहिजे, पोलिसांचं नाव काढलं पाहिजे, मास्तरांना फोन लावला पाहिजे. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "थांब ना गं. थोडं थांब. मी काढते काहीतरी वाट. प्रीताला विचारते. नुसतं ठरलंय ना अजून, झालं तर नाही."

पलीकडे गिरणीचा पट्टा फिरत होता. ज्ञानदा समजावणीच्या सुरात म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं, "आत्या, सुपारी फुटली म्हणजे फुटली. इकडे तसं नसतं."